साठाव्या पानापुढे

आप्पांच्या कादंबरीचा शेवट किती प्रकारांनी होतो हे मृदुलाला ठाऊक होतं आणि खुद्द आप्पांना ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती ती एवढ्याच कारणानं.

सोमवारी सकाळी कराडहून आप्पांचा फोन आला. आवाजात असा उत्साह, की अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बोलतोय असं कुणाला वाटलं नसतं. वाचनालयाच्या मुल्ला मॅडमनी रविवारी दुपारी वाचकांचा मेळावा ठरवला होता. 'बुडीतरेषा' वाचून संपवलेले गावातले झाडून सगळे वाचक येणार होते. त्यांनी पुस्तकावर बोलायचं आणि लेखकानं त्यांना हवं ते विचारायचं, असा बेत होता. आप्पांना एकच गोष्ट विचारायची होती.

"'मोजणी'चं प्रकरण त्यांना कसं वाटलं, तेवढं मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय," ते म्हणाले.

मृदुला "हो, छानच" म्हणाली, फोन ठेवला आणि हातातला चहा तसाच बेसिनमध्ये ओतला. कारण 'मोजणी'चं प्रकरण एकाही वाचकाच्या डोळ्यांपुढे आलेलं नव्हतं. ती हे खात्रीनं सांगू शकत होती, कारण ते येऊ नये याची काळजी घेणारं यंत्र तिचंच होतं.

आप्पा, म्हणजे मृदुलाचे वडील नारायण डुबल, पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. ऐन तारुण्यात त्यांना वरच्या खोऱ्यातल्या एका धरणाच्या कामावर पाठवलं होतं. पाणी साठल्यावर ते कुठवर येणार त्याची रेषा गावागावांतून आखायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी त्यावर कादंबरी लिहायला घेतली आणि डोक्यावरचे होते नव्हते ते केस जाईपर्यंत लिहिली. प्रकाशकांनी बाड गोड शब्दांत परत केलं. वाचायला नेलेल्या मित्रांनी ते आणखी गोड शब्दांत परत केलं. प्रत्येकाचं घोडं एकाच जागी पेंड खायचं, साठाव्या पानावर.

तिथं तिसरं प्रकरण सुरू होतं, 'मोजणी'. एक नवशिका मोजणीदार चुन्याचं डबडं घेऊन गावात शिरतो आणि एकेका घराच्या भिंतीवर पाण्याची खूण करत जातो. कुणाचं घर, दारात काय बांधलंय, परसात काय लावलंय, खूण कुठं पडली, आणि मग पुढचं घर. पन्नास पानं हेच. मृदुलाच्या आईनं हयातीत दोनदा नेटानं वाचायला घेतलं आणि दोन्ही वेळा साठाव्या पानाशी तिला स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवलं. मृदुलानं सगळं वाचल्याचं आप्पांना सांगितलं होतं. तिचंही पान साठावंच होतं.

आता यंत्राचं सांगायला हवं.

मृदुला पुण्यात 'अखेरपान' नावाच्या कंपनीत होती. माणसाचं लक्ष कसं टिकतं आणि कसं उडतं, हा तिच्या अभ्यासाचा विषय. वाचक पुस्तक अर्ध्यात का टाकतो याचा शोध घेणारे बाकी सगळे त्याच्या डोळ्यांमागे लागले होते. मृदुलाला डोळ्यांचा भरवसा नव्हता. डोळे इमानदारीत ओळीवरून फिरत असतात आणि मन केव्हाच भाजी काय करायची याच्यात गेलेलं असतं. तिनं पाहिला तो अंगठा. उघडं पुस्तक धरताना अंगठा समासावर टेकतो आणि मजकुरात जीव गुंतला असेल तोवर मेंदू त्या अंगठ्याच्या स्नायूंत एक बारीकसा ताण राखून ठेवतो, बाजारात पोराचं बोट धरून ठेवावं तसा. गोडी कमी झाली की मेंदू पहिल्यांदा सोडतो तो हा ताण. आपल्याला कंटाळा आलाय हे वाचकाच्या ध्यानात यायला त्यानंतर आठ-दहा सेकंद लागतात. या ताण सुटण्याला तिनं पतंगवाल्यांचा शब्द दिला, ढील. ढील पडल्यापासून कंटाळा कळेपर्यंतच्या त्या सेकंदांत पुढचा मजकूर बदलता आला, तर वाचक जागचा हलत नाही, हा तिचा शोध.

मजकूर बदलण्याची सोय जिवंत कागदानं केली. हा कागद दिसायला साधा, पण त्यात शाईचे सूक्ष्म कण मोकळे असतात आणि विजेच्या हलक्या इशाऱ्यानं ते नव्या अक्षरांत मांडले जातात. समासात एक बारीक तार असते, ती अंगठ्याचा दाब, नाडी आणि घाम मोजते. पुस्तकाच्या कण्यात भाषा जाणणारं यंत्र बसवलेलं, त्याला अख्खी कादंबरी आणि लेखकाची लकब पाठ. पहिली तीस-चाळीस पानं पुस्तक नुसतं वाचकाला ओळखून घेतं, त्याचा ताण किती, नाडी कशी. एकदा ओळख पटली, की ढील पडेल तिथं ते काम सुरू करतं. वर्णन आखडतं, भांडण अलीकडे आणतं, मरणारा माणूस दोन प्रकरणं जिवंत ठेवतं. एखादं प्रकरण अगदीच तग धरणार नाही असं दिसलं तर ते सबंध उचलून दोन्ही टोकं जोडून टाकतं. सांधा कुठं आहे हे लेखकाच्या सख्ख्या भावालाही कळू नये. 'अखेरपान'ची पुस्तकं घेतलेल्या शंभरातले नव्वदहून जास्त वाचक शेवटच्या पानाला पोचत होते. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मृदुलानं आप्पांची कादंबरी जिवंत कागदावर घातली. त्यांना म्हणाली, "यात मांडणी वाचकाप्रमाणे बदलते, आप्पा." म्हाताऱ्यांना अक्षर मोठं दिसत असणार अशी आप्पांनी समजूत करून घेतली आणि ती सोय त्यांना फार आवडली. मृदुलानं ती समजूत तशीच राहू दिली. आप्पांनी स्वतःची प्रत कौतुकानं वाचून काढली. तिच्यात एक कानामात्रा बदलली नाही, कारण लेखकाचा अंगठा स्वतःच्या पुस्तकावर कधी ढिला पडत नाही.

मग लोकांचे फोन येऊ लागले. भाजी मंडईत अनोळखी माणसं थांबून म्हणू लागली, काय पुस्तक लिहिलंय डुबल साहेब, खाली ठेववलं नाही. आई गेल्यापासून खिडकीशी बसून राहिलेले आप्पा संध्याकाळी फिरायला जायला लागले. फोनवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, 'मोजणी'बद्दल लोक काय म्हणतात. आणि मृदुलाचं एकच उत्तर असायचं, आवडतं म्हणतात.

मंगळवारी ती कौस्तुभकडे गेली. कौस्तुभ निरगुडकर कंपनीचा प्रमुख, वयानं तिच्याहून लहान आणि स्वभावानं सज्जन. निदान कराडपुरता तरी शेवट सगळ्यांनी एकसारखा वाचला असेल का, तिनं विचारलं. त्यानं पडद्यावर नोंदी काढून दाखवल्या. कुठं लग्न होत होतं, कुठं खून उघडकीला येत होता, एका ठिकाणी तर धरणच फुटत होतं. तो कौतुकानं बघत होता. या मेळाव्याचं चित्रीकरण करून आणशील का, असंही त्यानं विचारलं. मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "लोकांनी पुस्तक संपवलं. त्यांना आवडलं. तुझे वडील खूश आहेत. यात फसवलं गेलं कोण, ते सांग मला."

ती चिडली आणि दार जरा जोरातच लावून बाहेर आली.

दोन दिवस तिनं कामाच्या नावानं नुसत्या येरझारा घातल्या. एक फाइल उघडायची, दुसरी बंद करायची. वाचकांना आधीच गाठून पढवून ठेवावं असंही एकदा मनात आलं, पण कुणाकुणाचं तोंड धरणार. गुरुवारी तिनं मुल्ला मॅडमना फोन लावला आणि आप्पांचं ब्लड प्रेशर, दुपारचं ऊन, वाचनालयाचा जिना अशी आडवळणं घेत राहिली.

"मृदुला, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?" मुल्ला मॅडम म्हणाल्या. "मेळावा नको आहे, हेच ना?"

हसीना मुल्ला त्या वाचनालयात तिशीपासून होत्या आणि आता निवृत्तीला आल्या होत्या. मेळावा रद्द करायला त्यांनी नकार दिला, आणि का ते सांगितलं. जिवंत पुस्तकं आल्यापासून देवघेव वाढली होती, पण टेबलापाशी कुणी थांबत नव्हतं. पूर्वी पुस्तक परत करायला आलेला माणूस हटकून रेंगाळायचा. दुसऱ्या कुणी तेच वाचलेलं असलं की दोघांची जुंपायची, तिसरा ओरडायचा की शेवट सांगू नका. आता माणसं येतात, पुस्तक ठेवतात, दुसरं घेतात आणि जातात. मध्ये दोन शेजारणी एका कादंबरीवर बोलायला लागल्या आणि दोन मिनिटांत एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या, जणू समोरचीनं पुस्तक वाचलेलंच नाही. लोक बोलायला लाजायला लागलेत की काय, असं मॅडमना वाटत होतं. त्यांना एकदा समोरासमोर बसवून बोलतं करायचं होतं.

मृदुलाला कारण माहीत होतं. तिनं ते मॅडमना सांगितलं नाही आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं कराडला गेली.

आप्पा पांढरा शर्ट इस्त्री करत होते. तिला बघून त्यांनी इस्त्री उभी केली आणि उद्या उभं राहून बोलावं की बसून, याची चर्चा सुरू केली. मृदुलानं चप्पल काढायच्या आधीच ठरवलं होतं की आल्या आल्या सांगून टाकायचं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, मग निदान आपल्या तोंडून फुटलेलं बरं.

"आप्पा, त्या प्रकरणाचं एक सांगायचं होतं," ती म्हणाली.

"मलाही सांगायचंय," आप्पा म्हणाले. आणि त्यांनी तिला ते सांगितलं जे आजवर कधी सांगितलं नव्हतं. प्रकरणातलं गाव खरं होतं, घरं खरी होती, फक्त नावं बदललेली. आखणीनंतर वर्षभरात ती माणसं चार दिशांना पांगली. काहींना माळावर जमिनी मिळाल्या, काही कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. धरणाच्या कागदपत्रांत घरांचे आकडे आहेत, पण अमक्याच्या दारात जास्वंद होती, तमकीनं चुलीपुढं मोर काढला होता, हे कुठंच नाही. "कुणी त्यांच्यासाठी रडावं असं मी म्हणत नाही. निदान एकदा कुणीतरी त्या प्रत्येकाच्या दारावरून जावं, एवढंच होतं माझ्या मनात. आता इतकी माणसं जाऊन आली की गं."

ती म्हणाली, "हो ना." मग आप्पांनी सहज विचारलं की तिला स्वतःला त्यातलं कुठलं घर आवडलं. तिनं गडबडीनं जास्वंदीचं म्हटलं. आप्पांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. तो दिवस असाच गेला. तिनं तीन वेळा तोंड उघडलं, तीन वेळा भलतंच काहीतरी बोलली.

रविवारी दुपारी वाचनालयाचा हॉल भरला. मुल्ला मॅडमनी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. आप्पा मध्ये बसले आणि मृदुला दाराशी, लगेच निघून जाता यावं अशी.

पहिले उठले निवृत्त मुख्याध्यापक बाबर सर. सरांनी भाषेची स्तुती केली, खोऱ्याच्या वर्णनाची केली आणि म्हणाले की शेवटी धरण फुटतं आणि चिखलातून गाव पुन्हा वर येतं, तो प्रसंग वाचताना आपल्या अंगावर काटा आला. आप्पा हसत हसत मान डोलवत होते. ती मान मध्येच थांबली.

"धरण कुठं फुटतं, सर?" पार्लर चालवणाऱ्या संगीता थोरवडे म्हणाल्या. त्यांच्या पुस्तकात मोजणीदाराचं इंजिनिअर साहेबांच्या मुलीशी लग्न होतं आणि दोघं बोटीतून त्याच पाण्यावर फिरतात. बँकेतल्या एका तरुणानं हसून विचारलं की मग कंत्राटदाराचा खून कोणी केला ते तरी तुम्हाला कळलं ना. कसला खून, असं चौघांनी एकदम विचारलं. आधी हशा झाला. वाटलं, कुणीतरी गंमत करतंय. पण जो तो आपल्याच शेवटाला धरून बसला आणि आवाज चढायला लागले. काही लोक पुस्तक न वाचताच सभेला येतात, असं बाबर सर छताकडे बघत म्हणाले, आणि संगीताबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आप्पा उठून उभे राहिले तेव्हा सगळे गप्प झाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता. त्यांनी विचारलं, तिसरं प्रकरण, 'मोजणी', कुणी कुणी वाचलं. चुन्याचं डबडं घेऊन एक जण घरोघर जातो ते. लोक एकमेकांकडे बघू लागले. बँकेतल्या तरुणानं आपली प्रत चाळून पाहिली आणि मान हलवली.

आप्पांनी मृदुलाकडे पाहिलं. दार तिच्या मागं हातभर अंतरावर होतं. ती उठली आणि गोलाच्या मध्ये आली.

तिनं सगळं सांगितलं. अंगठा, ढील, पुस्तकाचं वाचकाला ओळखून घेणं, मजकूर बदलणं. सांगताना ती मध्येच शास्त्रज्ञासारखी बोलायला लागायची आणि मग तिची तिलाच लाज वाटून थांबायची. कुणी खोटं बोलत नाहीये, ती म्हणाली. ज्यानं त्यानं वाचलं ते पुस्तक त्याच्यापुरतंच होतं. 'मोजणी' कुणाच्याच प्रतीत टिकलं नाही, कारण तिथं सगळ्यांचे अंगठे ढिले पडले. आणि हे आप्पांना माहीत नव्हतं, तिनं त्यांना सांगितलं नव्हतं.

"म्हणजे ती घरं दुसऱ्यांदा बुडवलीस तू," आप्पा म्हणाले.

ते रागावून बोलले असते तर तिला सोसलं असतं. त्यांनी ते हिशेबातली चूक दाखवावी तसं सांगितलं आणि खाली बसले. मृदुला उभीच राहिली. काय करावं ते कुणालाच कळत नव्हतं. मुल्ला मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन निघाल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या.

तेवढ्यात आप्पांच्या पाठीमागच्या खुर्चीवरून एक म्हातारी बाई बोलली. या अनुसयाबाई लोहार. मुलगा महादेव टेम्पो चालवायचा आणि सून रूपा घरीच शिवणकाम करायची. सून शेजारीच बसली होती आणि सासूचा पदर ओढून तिला गप्प करायला बघत होती.

"आमच्या पुस्तकात हाय की ते," अनुसयाबाई म्हणाल्या. "डबडं घिऊन हिंडतोय त्यो पोरगा, तेच न्हवं? लई कंटाळवाणं हाय बघा."

कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचलंत?"

"वाचलं की. समदं वाचलं."

"कंटाळा आला तर सोडलं का नाही?"

"सोडनारच हुते. पर सून म्होरं गेलती." अनुसयाबाईंनी सुनेकडं हात केला. "मी सकाळी वाचायची, म्हादू दुपारच्याला जेवाय आला की वाचायचा आन् ही सांच्याला. रोज भाकरी थापताना मला म्हनायची, आत्या, अजून तुम्ही तांबटाच्या घरापातुर आला न्हाई व्हय? मग काय मागं ऱ्हायचं? आन् म्हादू तर इचारायचा, सांगा, फुडच्या घराला खूण दाराच्या वर पडतीया का खाली. त्याचं चुकलं की आमी दोघी हसायचो. पुस्तक काय एवढं धरून ठेवन्यासारखं न्हाई, रागावू नका. पर घरात बाकीची दोगं फुडं गेल्यावर आपुन एकल्यानं कसं सोडायचं?"

आता रूपालाही धीर आला. ती म्हणाली की एकदा जेवताना वाद निघाला, आपल्या घराला रेषा आली असती तर कुठवर आली असती. महादेवनं उठून स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं ओढूनच दाखवली. फडताळाच्या वरच्या कप्प्याखाली. ती अजून तशीच आहे, पुसायला जीव होत नाही.

आप्पांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग त्यांनी विचारलं की कुठलं घर लक्षात राहिलं. अनुसयाबाईंना नावं आठवत नव्हती, पण घर आठवत होतं. नुकतीच बाळंत झालेली बाई, तिच्या भिंतीवर खूण पाळण्याच्या दोरीच्याही वर पडते, आणि ती मोजणीदाराला म्हणते, जरा हळू बोला, आत्ताच निजलंय.

"खरंच म्हणाली होती तसं," आप्पा म्हणाले. "कंटाळा आला ना तुम्हाला? मलाही आला होता. महिनेच्या महिने रोज तेच, भिंत, खूण, पुढचं घर. पाय ओढत चालायचो मी." आणि ते हसले, डोळे पुसत पुसत हसले. त्यांच्या पुस्तकाची इतकी तारीफ झाली होती, पण एवढा आनंद झालेला मृदुलानं त्यांना पाहिलं नव्हतं.

तिच्या डोक्यात मात्र दुसरीकडे लख्ख उजेड पडत होता. लोहारांच्या घरात एका पुस्तकावर तीन अंगठे पडत होते. सकाळचा एक, दुपारचा दुसरा, संध्याकाळचा तिसरा. पुस्तकाला एक वाचक ओळखायचा होता आणि ओळख पटायच्या आत तो बदलत होता. वाचक कोण ते कळेना, म्हणून त्यानं मजकुराला हातच लावला नाही, लेखकानं लिहिलं तसं दाखवत राहिलं. एक वाचक, एक प्रत, असा नियम कंपनीनं केला होता. पण या गावात वाचनालयाची वर्गणी एकाच्या नावावर असते आणि वाचतं सगळं घर. ती स्वतः अशाच घरात वाढली होती, चौघं जण एका पुस्तकासाठी भांडत. पुण्यात बसून नियम लिहिताना तिला ते आठवलंसुद्धा नव्हतं.

ती हे सांगू लागली, पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. संगीताबाई रूपाला तांबटाच्या घराचं विचारत होत्या. बाबर सर खुर्ची ओढून अनुसयाबाईंच्या जवळ गेले होते. मुल्ला मॅडम हातातला ग्लास स्वतःच पिऊन टाकून हे सगळं बघत होत्या.

माणसं पांगली तेव्हा ऊन उतरलं होतं. लोहारांची प्रत टेबलावर होती. आप्पांनी ती उचलली, मृदुलासमोर ठेवली आणि साठावं पान उघडलं.

"जास्वंद कुणाच्या दारात आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मृदुला म्हणाली. "मी वाचलेलं नाही, आप्पा. मीही इथंच सोडलं होतं."

"ते काल कळलं मला. वाच आता."

घरी बाड होतं, त्यातलं अक्षर कुणी बदलू शकत नव्हतं. पण घरी गेल्यावर ती ते वाचणार नाही हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. ती खुर्ची पुढं ओढून बसली आणि समासावर अंगठा टेकला. तिचा अंगठा कंपनीच्या प्रत्येक पुस्तकाला पाठ होता. पहिल्या चाचण्या तिच्यावरच झाल्या होत्या, तिला ओळखायला तीस-चाळीस पानं लागत नव्हती. दुसऱ्या परिच्छेदातच तिचं मन कौस्तुभला उद्या काय सांगायचं याच्याकडे गेलं, आणि पानाच्या तळाशी अक्षरं थरथरली. एक घर मिटायला लागलं होतं.

"आप्पा, जातंय ते," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाही. मला बसवतच नाही."

आप्पांनी तिच्या शेजारी खुर्ची घेतली. क्षणभर विचार केला, मग डाव्या पानाच्या समासावर आपला अंगठा दाबून ठेवला, म्हातारा, जाड, नखाशी चिरलेला. पुस्तक गोंधळलं. अक्षरं थोडा वेळ इकडंतिकडं सरकली आणि मग होती तशी मुकाट्यानं जागेवर आली.

दोघं वाचू लागली. पहिलं घर, भिंत, खूण. दुसरं घर. मृदुलाला कंटाळा आला. असा सरळसोट कंटाळा तिला कितीतरी वर्षांत आला नव्हता, आला की काहीतरी बदलायचं. आता काही बदलत नव्हतं. फोन पर्समध्ये घुरघुरत होता. पाय आपोआप हलत होता. शेजारी आप्पा तिच्याआधी ओळ संपवून थांबत आणि ती पान उलटेपर्यंत तिची वाट बघत. एका दारात जास्वंद नव्हतीच, शेवगा होता. एका घरी मोजणीदाराला कुणी आत घेतलं नाही. एका घरी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. गावाची खालची आळी संपत आली, तरी पुन्हा भिंत, पुन्हा खूण.

मुल्ला मॅडम खिडक्या लावून किल्ल्या हातात घेऊन येऊन उभ्या राहिल्या. आप्पांनी चष्म्यावरून लेकीकडं पाहिलं. तिचा अंगठा समासावर केव्हाच सैल पडला होता.

"दमलीस. थांबायचं का?" त्यांनी विचारलं.

मृदुलानं पान उलटलं. "नको," ती म्हणाली, "अजून वरची आळी राहिलीय."